नुसतं काका म्हणायचं नाही

अमेरिकेत, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात त्यांना नुसतं काका म्हटलेलं चालत नाही. "डॉक्टरकाका!" ते लगेच दुरुस्त करतात. रिटायर झालो तरी लायसन्स चालू आहे, हेही ऐकवतात. राज्याचा अँब्युलन्सचा कायदा ठरवणाऱ्या समितीवर ते होते म्हणे, आणि त्यातला एक नियम ते बटाटेवडा खाता खाता दरवेळी सांगतात. "जागेवरच्या डॉक्टरने क्रूला ऑर्डर दिली की जबाबदारी त्याची. पेशंटबरोबर हॉस्पिटलपर्यंत जायचं, पळ नाही काढायचा. हे मी घालायला लावलं!"

पाडव्याच्या कार्यक्रमात माझ्या सासूबाई चक्कर येऊन पडल्या. आता त्या ठणठणीत आहेत, पण तेव्हा मी घाबरून लगेच अँब्युलन्स बोलावली. काका धावले, हे खरं. नाडी धरून त्यांनी आम्हा सगळ्यांना झापलं, आणि अँब्युलन्स आल्यावर क्रूलाही. "ऑक्सिजन द्या! आधी सलाइन लावा!"

क्रूमधली मुलगी अदबीने म्हणाली, "सर, तुम्ही डॉक्टर आहात का? मग नियमाप्रमाणे आमच्याबरोबर चला."

काकांनी सासूबाईंचा हात अलगद खाली ठेवला. पलीकडे टेबलावर नुकतंच श्रीखंड आलं होतं.

"नो, नो," ते म्हणाले, "आय ॲम जस्ट ॲन अंकल."