पाण्याचं इंजेक्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगवतंय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. पेशंटचं दुखणं कसं ओळखायचं, हा धडा मी नाटक करून घेते. एक मुलगी पेशंट, एक सिस्टर, एक नातेवाईक. बाकीच्यांनी बघायचं — आवळलेल्या मुठी, अडखळणारा श्वास, कपाळावरच्या आठ्या. पेशंट म्हणतो दुखतंय, म्हणजे दुखतंय, हे मी मुलींकडून घोकून घेते. माझा तास कुणी बुडवत नाही. फुकटचं नाटक कुणाला नको असतं?

धड्याच्या शेवटच्या नाटकात पेशंट मी स्वतः बनते. ऑपरेशन झालेली बाई. सिस्टर तिला ढोंगी ठरवते आणि दुखणं थांबवायच्या औषधाऐवजी नुसतं पाणी टोचते. मी इतकं छान कण्हते की मुली डोळे पुसतात. मग कुणीतरी विचारतंच — मॅडम, अशी सिस्टर खरंच असते? मी सांगते, होती. मंदा नावाची. माझ्याच वॉर्डात.

मंदा होती, हे खरं. पण पाणी — कसं सांगू — पाणी मी टोचलं होतं.

तेव्हा मी वॉर्डात सिस्टर होते, आणि ती ऑपरेशन झालेली बाई खरीच होती. तिचा नवरा सातपूरला कारखान्यात कामाला होता. तो आला की ती जास्त रडायची, म्हणून आम्ही तिला नाटकी म्हणायचो. त्या दुपारी तिने पुन्हा हाक मारली आणि माझं डोकं फिरलं. मी सिरिंजमध्ये पाणी भरताना मंदा म्हणाली, "अगं, दुखतंय तिला. खरं दे." मी ऐकलं का? उलट मला मजा वाटली. हो, मजाच.

कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर नवरा आला. ती कण्हतच होती. त्याने मला विचारलं, इंजेक्शन दिलं ना? मी म्हटलं, दिलं.

तो तिच्यावर खेकसला, "दिलंय ना इंजेक्शन? मंग कशाला रडू राहिली? लोक बघू राहिले."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारा तिचा हक्काचा एकच माणूस होता, तोही मी तोडला. तेव्हा मला खरं बोलता आलं नसतं का? तो तिथेच स्टुलावर बसून होता. घरी जाईपर्यंत तिने पुन्हा काही मागितलं नाही.

गेल्या महिन्यात मंदा भाचीच्या ॲडमिशनसाठी कॉलेजात आली आणि हौसेने माझ्या वर्गात डोकावली. "मी मंदा. तुमच्या मॅडम आणि मी एकाच वॉर्डात होतो," तिने हसत सांगितलं. पाहुणं आलं की माझ्या मुली उभ्या राहतात. त्या दिवशी एकही उठली नाही.

बाहेर आल्यावर मंदा म्हणाली, "आजकालच्या मुलींना वळण नाही गं."

मी हो म्हटलं.