तळपायाची पाहणी

मी सातवीपर्यंत शिकलो. तथापि बीडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आणि माझ्या मसुद्यात आजवर एकाही साहेबाने त्रुटी काढलेली नाही, हे प्रथम नमूद करतो.

एका उन्हाळ्यात दुपारी बसस्थानकावरून चालत येऊन मी टेबलाशी बसलो. उमापूरहून आलेली एक ऊसतोडीची बाई शिधापत्रिकेत सुनेचे नाव घालण्यासाठी थांबली होती. ती माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"सायेब, तुमच्या एका पायात चप्पल न्हाई. चटके बसले न्हाईत का?"

डांबर वितळण्याची वेळ होती. डावी चप्पल कुठे गळून पडली, मला उमगलेच नव्हते. मी तिला म्हणालो, "कामाच्या नादात ध्यान राहत नाही." आणि तिचा अर्ज नेहमीपेक्षा जरा जास्तच सजवून लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, पाय उडाला. टाचेच्या वरच्या शिरेवर मारली, पाऊल निपचित राहिले. त्यांनी समजावले, ते असे: पोळले की पाय मागे घेण्याचा हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला नंतर कळवले जाते. तलाठ्याने पंचनामा उरकावा आणि वर मागाहून कळवावे, तशी ही व्यवस्था. मला ती फार पसंत पडली. पण साखरेच्या आजाराने माझ्या पायाच्या नसा सुकल्या होत्या. खालून अर्जच येत नसेल, तर हुकूम सुटणार कशावर?

"रोज कुणीतरी तळपाय बघायला हवा," डॉक्टर म्हणाले. "जखम चिघळली तर पाय काढावा लागतो. घरी कोण आहे?"

"आहेत," मी म्हणालो.

घरी कोणी नाही. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगी सासरी पुण्यात. माझा गुडघा पुरता वळत नाही. आरसा खाली ठेवून पाहिले, तर चष्म्यातून नुसता काळपट गोळा दिसला. चार दिवस मी रस्त्यावर माणसे न्याहाळत हिंडलो. पाय दाखवता येईल असा माणूस मला आठवेना. हजारो लोकांची गाऱ्हाणी मी लिहिली होती, पण त्यांतले कोणी माझ्या उंबऱ्याच्या आत आलेले नव्हते.

शेवटी शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस उरला. कचेरीसमोरच्या कडुलिंबाच्या सावलीत टेबल कोणी मांडायचे, यावरून आमचे बोलणे बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. तोंडाने मागणे मला जमले नसते. म्हणून कोरा कागद घेतला आणि रीतसर लिहिले. विषय: डाव्या व उजव्या तळपायाची दररोज पाहणी होणेबाबत. खाली कारणे दिली, सही केली आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवून परत जागेवर येऊन बसलो.

त्याने तो दोनदा वाचला.

"सोबत डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली न्हाई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी चिठ्ठी नेऊन दिली.

"आन् 'आपला विश्वासू' कावून लिहिलंस? सावली घेतली तवा कुठं गेलता विश्वास?"

"सावली तू घेतलीस."

"बरं, घेतली." त्याने आपले स्टूल माझ्याकडे ओढले. "काढ बे चप्पल. लोक बघायलेत, लवकर काढ."

मी पाय त्याच्या मांडीवर ठेवला. तो डोळे बारीक करून वाकला. मग नखाने काहीतरी उपसून वर धरले. कागदाला लावायची टाचणी होती, अर्धी गंजलेली.

"कवाची हाय ही?"

 त्याने पाण्याच्या बाटलीने जागा धुतली आणि पंच्याचे टोक दाबून धरले. दुसऱ्या हाताने त्याने माझी टाच धरली होती. ती धरल्याचे मला जाणवत नव्हते, नुसते दिसत होते. म्हणून मी पाहत राहिलो.