रब्बीचं पुस्तक आणि आमचे बाइंडरकाका

पुस्तक हातातून पडलं की आमचे बाइंडरकाका ते उचलून त्याचं चुंबन घ्यायचे. मग तो टायर कंपनीचा कॅटलॉग का असेना. "काका, आत टायर आहेत!" असं म्हणून आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "असू देत. कागदच आहे ना?"

दुबईत, करामा भागातल्या एका छापखान्यात आम्ही सात-आठ वर्षं एकत्र काढली. मी डिझाइनला, ते बाइंडिंगला. मूळचे रेवदंड्याकडचे. "सावकाश. कागद कुठे पळून चाललाय?" हे त्यांचं पालुपद. मालकाचं यल्ला-यल्ला, म्हणजे 'चला, उरका', सुरू झालं तरी त्यांचा दोरा आपल्याच गतीने चालायचा.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. काका मात्र शुक्रवारी कामावर येत आणि बदल्यात शनिवार मागून घेत. आम्ही मराठी मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं, काका मारुतीचे भक्त. एकदा गावाहून येताना मी त्यांच्यासाठी मारुतीचा प्रसादही आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाटात ठेवला, खाल्ला मात्र नाही.

खुलासा एका शुक्रवारी झाला. मीही कामाला आलो होतो, छापखान्यात आम्ही दोघंच. "अरे, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मारुतीशी आमचं भांडण नाही, पण आमचा शनिवार वेगळा." त्या काळी दुबईत ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. मला सांगितली, कारण त्यांची नजर अधू झाली होती आणि एका कामात विश्वासाचा माणूस हवा होता.

डब्याच्या पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. हिब्रू, फार जुनी छपाई, पानोपानी अक्षरांची वर्तुळं आणि चौकोन. लिहिणारा एक भटका रब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, देवाच्या नावांमधली गूढ विद्या जाणणारा. आपल्याच पुस्तकाच्या प्रती पोत्यात घालून तो देशोदेशी फिरायचा. काकांच्या पूर्वजांच्या तेलघाण्यावर काही दिवस राहिला आणि जाताना ही प्रत ठेवून गेला.

"पाच-सहा पिढ्या सांभाळलं. एकालाही एक ओळ कळली नाही. मला अक्षरं लागतात, अर्थ नाही लागत." बायको-मुलं आधीच इस्राएलला गेली होती. पुस्तक धड करून काकाही कायमचे जाणार होते. "तिथे कुणीतरी वाचून दाखवेल. आमच्या घरात तो काय ठेवून गेला, तेवढं कळलं की खलास, मी मोकळा."

तुम्ही कुणाला जुनं पुस्तक उसवताना पाहिलंय? काका श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे. असे आमचे बरेच शुक्रवार गेले.

शेवटच्या शुक्रवारी ते जेवायला गेले असताना मी मागचा जुना पुठ्ठा सोडवला. त्याला चिकटलेलं पान सुटून आलं. त्यावर तपकिरी शाईच्या वेड्यावाकड्या रेघोट्या होत्या. छापील अक्षरांशी त्यांचं काही नातं दिसेना. कुणा पोराचा उद्योग, असं मला वाटलं. काका खूश होतील म्हणून मी त्यावर कोरा कागद चिकटवून टाकला.

काका आले. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "खाली काही होतं का रे?"

"काही नाही, काका."

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. सांगत बसायचा कंटाळा, एवढंच.

काका इस्राएलला गेले. तिथून दुबईला फोन लागत नसे. ठाण्यातला त्यांचा पुतण्या निरोप पोचवायचा. वर्षभराने त्याने मला काकांचं पत्र पाठवलं. एका प्राध्यापकाने पुस्तक वाचून दाखवलं होतं. काकांनी लिहिलं होतं, "अर्थ थोडा थोडा कळला. पण तो रब्बी ज्या घरी राहायचा, त्या घरासाठी शेवटच्या पानावर हाताने चार ओळी लिहायचा म्हणे. आमच्या प्रतीत नाहीत. आम्ही अडाणी तेली, आम्हाला काय लिहायचं, असं वाटलं असेल त्याला."

मी चिकटवलेला कोरा कागद मला आठवला. लगेच पुतण्याला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "काका गेले हो. मागच्याच आठवड्यात."

पुढे काकांच्या घरच्यांनी तिथे वाफ देऊन माझा कागद सोडवला. पुतण्याने मला त्या ओळी मराठीत सांगितल्या: 'या घरी मी तापाने पडलो होतो. घरच्या बाईने मला भरवून जगवलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. हे वाचणाऱ्याने तिच्या लेकरांना माझा नमस्कार सांगावा.'

पुतण्याला तो नमस्कार पोचला. काकांना तो पोचवायचं माझ्या हातात होतं, आणि मी त्यावर कागद चिकटवला.