धाकट्याचं दुकान मोठ्या पडद्यावर

धाकटा आता पन्नाशीला टेकला होता. डोक्यावरचे केस आठवणीपुरते उरले होते, चष्म्याचा नंबर नेमाने वाढत होता. पण भावंडांत शेवटचा म्हणून एकदा जे नाव चिकटलं ते चिकटलं. गिऱ्हाइकंसुद्धा दुकानात येऊन "धाकटे आहेत का?" असं विचारायची आणि टक्कल पुढे झालं की गोंधळून जायची.

दुकान ताईचं आणि दाजींचं. उशा, गाद्या, अभ्रे. खाली रस्त्याला लागून दुकान आणि वर एक खोली. त्या खोलीत धाकटा ऑनलाइन दुकान चालवायचा. एक टेबल, एक खुर्ची, खुर्चीत धाकटा आणि उरलेल्या जागेत पाठवायच्या उशांचे खोके. खोके इतके, की खिडकी उघडायची म्हटलं तर आधी दोन-तीन ऑर्डरी रवाना कराव्या लागत.

जगात कुठेही कुणाची मान अवघडली आणि त्याने मोबाइलवर चांगली उशी शोधली, की उत्तरांच्या पहिल्या पानावर आपलं दुकान दिसलं पाहिजे, एवढी एकच इच्छा धाकट्याने आयुष्यात धरली होती. शोधात वर कसं यावं हे शिकवणाऱ्या कॉन्फरन्स भरतात. लोक जवळच्या नात्यातल्या लग्नाला जातात तसा धाकटा या कॉन्फरन्सला जायचा. महिनाभर आधी शर्ट इस्त्रीला, आठवडाभर आधी बॅग दारात. परत यायचा तो गळ्यात नावाचा बिल्ला आणि दोन्ही हातांत फुकटच्या कापडी पिशव्या घेऊन. घरात त्या पिशव्या इतक्या साठल्या, की ताई भाजी आणायला निघायची ती खांद्यावर 'डेटा हेच भविष्य' मिरवत.

आणि परत आला की त्याच्या अंगात यायचं. एका वर्षी कुणी वक्त्याने सांगितलं, लांबलचक लिहा, शोधणाऱ्या यंत्राला ते आवडतं. धाकट्याने प्रत्येक उशीवर निबंध लिहिला. आदिमानव दगडावर डोकं ठेवून झोपायचा इथून सुरुवात. उशीपाशी पोचेपर्यंत वाचणाऱ्याला झोप लागायची, तीही उशीशिवाय. पुढच्या वर्षी निघालं, की लोकांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. लगेच पानं तयार: उशी म्हणजे काय? उशी डोक्याखालीच का घ्यावी? त्याच्या पुढच्या वर्षी, प्रत्येक गावासाठी वेगळं पान करा. धाकट्याने नकाशा समोर धरून गावं उतरवून काढली. उशी तीच, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. त्यातलं एक गाव धरणात बुडालेलं आहे, हे दाजींनी लक्षात आणून दिलं.

"असू दे," दाजी म्हणाले. "तिथल्या माशांनाही कुशीवर झोपायची सवय असेल."

एवढं सगळं नवं लिहिलं, पण जुनं पान काही धाकट्याने कधी काढलं नाही. त्याचा हातच धजायचा नाही. काढलं तर गेल्या वर्षीच्या वक्त्याचा अपमान होईल असं त्याला वाटायचं.

मग ऑर्डरी आटल्या. हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा. खोके कमी झाले, खोलीत वारा खेळायला लागला आणि धाकट्याला तो वारा मुळीच मानवेना. त्यातच शेजारच्या दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याने ताईला विचारलं, वरची खोली भाड्याने देता का?

"महिनाअखेरीला त्याला उत्तर द्यायचंय," ताईने जेवताना सांगितलं. "ऑनलाइन बंद करू. तू खाली ये. काउंटरवर तुझी गरज आहेच."

धाकट्याचा घास हातातच राहिला. काउंटर त्याला परका नव्हता, तिथेच तो वाढला होता. पण वरचं दुकान त्याने स्वतः उभं केलेलं होतं. "या वेळची कॉन्फरन्स तेवढी होऊ दे, ताई."

"दर वेळी तेच. मागच्या वेळी काय आणलंस?"

धाकटा आठवायला लागला.

"पिशवी," दाजींनी मदत केली.

"तिथे घसरलेल्या दुकानांवरही एक सत्र असतं. भर सभेत तज्ज्ञ लोक दुकान तपासून देतात."

"मग मी पण येते," ताई म्हणाली. "तू तिथे शिकतोस की नुसता चहा ढोसतोस, बघू दे तरी. आल्यावर खोलीचं ठरवू."

"जा जा," दाजी म्हणाले. "दोघं गेलात तर पिशव्याही दुप्पट."

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या ताईने आधी उशी उचलली. दोन्ही हातांनी दाबली, सोडली आणि ती पुन्हा फुगते का याची वाट पाहत उभी राहिली. उशी फुगली नाही. ताई ती काखेत मारून थेट खाली काउंटरवर गेली. "ही मेलीये," तिने रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं. मुलगी पांढरीफटक पडली. मागे धाकटा कुंडीतलं झाड फार मन लावून बघत होता.

कॉन्फरन्सचं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये घातलेल्या. इतक्या दुखऱ्या माना एका छपराखाली ताईने उभ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. "अरे, इथे टेंपो भरून माल आणायला हवा होता," ती कुजबुजली. धाकट्याने तिला मधल्या रांगेत बसवलं. एकामागून एक वक्ते येत होते. श्रोत्यांनी काहीही विचारलं, तरी प्रत्येक वक्ता क्षणभर छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "ते अवलंबून आहे."

"हे ऐकायला तू इतक्या लांब येतोस?" ताईने विचारलं. "हे आपल्याकडे तुझे दाजी सांगतात. आरामखुर्चीत बसून."

चहाच्या सुट्टीत धाकटा जुन्या ओळखी काढत फिरत असताना ताईला एका टेबलावर काचेचं भांडं दिसलं. लोक त्यात आपली कार्डं टाकत होते. सोडत असणार, असं ताई धरून चालली. बक्षीस काय ते तिने विचारलं नाही. तिने धाकट्याच्या बॅगेतून दुकानाचं कार्ड काढलं आणि देवाचं नाव घेऊन टाकलं.

ते भांडं तपासणीच्या सत्राचं होतं. धाकटा आजवर कार्ड खिशात घेऊन त्या भांड्याभोवती घिरट्या घालायचा आणि हिंमत न होता परत यायचा. आज चंदेरी केसांची एक तज्ज्ञ बाई मंचावर आली, तिने भांड्यात हात घातला आणि दुकानाचं नाव वाचलं.

"लागलं!" ताई टाळ्या वाजवत ओरडली.

धाकटा खुर्चीत खाली सरकायला लागला. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर त्याचं दुकान उघडलं होतं.

"समजा, माझी मान दुखतेय," बाई म्हणाली. "मी उशी शोधतेय. हे दुकान मला कोणतं पान देणार, बघू." तिने काहीतरी दाबलं आणि पडद्यावर पानांची यादी उतरायला लागली. मानेच्या दुखण्यावर निबंध. मानेच्या दुखण्यावर प्रश्न. मानेचं दुखणं, या गावात. मानेचं दुखणं, त्या गावात. बाई यादी खाली ढकलत राहिली आणि यादी संपायचं नाव घेईना. बुडालेलं गाव आलं तेव्हा कुणीतरी ओळखलं आणि सभागृहात हशा पिकला.

"यांना खाली कोण ओढतंय?" बाई म्हणाली. "दुसरं कुणी नाही. यांचीच पानं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. दारात इतके यजमान उभे आहेत, की पाहुण्याला आत कुणी घ्यायचं तेच ठरत नाही. पाहुणा शेजारी निघून जातो. हे कुणी लिहिलंय?"

धाकटा खुर्चीत इतका खाली सरकला होता, की रांगेत एक जागा रिकामी वाटत होती. ताई मात्र उभी राहिली.

"आमच्या धाकट्याने," ती खणखणीत म्हणाली. "आणि पदरचं काही लिहिलेलं नाही. तुम्ही लोकांनी दर वर्षी जे जे सांगितलंत, ते ते त्याने मुकाट्याने केलं. ते लांबलचक लिहा सांगणारे महाशय कुठे आहेत? बोलवा त्यांना!"

सभागृह हशाने दणाणलं. मंचावर बाई मात्र हसत नव्हती.

"ती मीच," ती म्हणाली. "त्या वर्षी ते बरोबर होतं."

"मग नंतर कळवायचं तरी!" ताई म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला डोकं धरून शेजाऱ्याला सांगत होता, "आमच्याकडे पण गावांची पानं आहेत रे." त्याचा शेजारीही मान खाली घालून बसला.

बाईने माइक धाकट्याकडे पाठवला. "तुमचं काउंटरचं दुकान असेलच ना? तिथे गिऱ्हाईक आलं, की तुम्ही पहिलं काय करता?"

धाकटा कसाबसा उभा राहिला. "विचारतो, झोपता कसे? कुशीवर, पाठीवर की पोटावर?" इतकं बोलला आणि त्याचा आवाज एकदम काउंटरवरचा झाला. "मग एक उशी हातात देतो. एकच. दुसरी दाखवली, की गिऱ्हाईक म्हणतं, उद्या येतो. आणि ते कधी येत नाही."

"आणि साइटवर हा प्रश्न कुठे विचारलाय?"

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. "कुठेच नाही," तो म्हणाला. "तो कुणी विचारायला सांगितला नव्हता."

बाई पहिल्यांदा हसली. "मग सगळी मिळून पानं किती लागतील?"

"तीन."

"आणि बाकीची?"

"काढावी लागतील," धाकटा म्हणाला. हे सांगताना त्याला घरातलं सामान रस्त्यावर काढून ठेवल्यासारखं झालं होतं.

"काढली की दुकान नक्की वर येईल ना?" ताईने बसल्या जागेवरून विचारलं.

बाईने छताकडे पाहिलं. "ते—"

"कळलं, कळलं," ताई म्हणाली.

परतीच्या गाडीत धाकट्याने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि एकेक पान काढायला घेतलं. जुन्या पानावर कुणी आलंच, तर त्याला परस्पर नव्याकडे पाठवायची सोय तो करत जात होता. ताईने आदिमानवाचा निबंध वाचायला घेतला. "चांगलं लिहितोस की रे!"

"राहू देऊ?"

"काढ. पण माझं वाचून होऊ दे."

महिनाअखेर आली तेव्हा ऑर्डरी वाढल्या नव्हत्या. दोन-चार जास्त असतील, त्यातली एक चुकून आलेली. कवळ्यावाला मोजायची टेप घेऊन दुकानात हजर झाला. वर जिन्याच्या तोंडाशी धाकटा कान देऊन उभा होता. ताई काउंटरमागे मोबाइल बघत होती.

"खोली द्यायची नाही," ती वर न बघता म्हणाली.

"पण ऑनलाइन चालत नाही, असं तुम्हीच..."

"आता चालेल." तिने मोबाइलवर उघडलेलं धाकट्याचं दुकान त्याच्यापुढे धरलं. "याने मला विचारलं, कसे झोपता? मी म्हटलं, कुशीवर. मी गिऱ्हाइकाला जी दिली असती, तीच उशी त्याने माझ्यापुढे ठेवली. हे माझ्या दुकानात बसलेलं माणूस आहे. त्याला मी बाहेर काढू?"

कवळ्यावाल्याने टेप गुंडाळली. मांडलेल्या उशांवरून त्याने नजर फिरवली. मग जरा लाजून म्हणाला, "मी पोटावर झोपतो."

धाकटा दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला आणि त्याने एक पातळ उशी काढून त्याच्या हातात दिली. कवळ्यावाल्याने ती गालाला लावून बघितली.

"माझा भाऊ पण असाच झोपतो, पण तो लांब राहतो."

"त्याला शोधायला सांगा," धाकटा म्हणाला. "किंवा तुम्हीच शोधा. आत्ता, माझ्यासमोर."

कवळ्यावाल्याने मोबाइल काढला. भावाला काय हवं ते साध्या शब्दांत लिहिलं आणि अंगठ्याने खाली सरकवत राहिला. धाकटा, ताई, दाजी, तिघंही त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"सापडलं," तो म्हणाला. "पण तिसऱ्या पानावर आहे हो."

"परवा पाचव्यावर होतं," धाकटा म्हणाला. "दाबा तुम्ही."