मास्तरांचा क्लच

त्या गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कुणाला नव्हतं, पण त्यांच्यासमोर माणूस आपोआप सरळ उभा राहायचा. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की हे हात वर करत. "तुम्ही काही सांगू नका. किल्ली द्या." मग एकटेच गाडी घेऊन चौकापर्यंत जात, वळून येत आणि निकाल सुनावत. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघे, हे कबूल करायला हवं.

दुसरा कुणी चालवत असताना शेजारी बसणं मात्र त्यांना जमत नसे. "दुसऱ्याच्या हातची गाडी मला सोसत नाही," म्हणायचे. स्वतःचा क्लचवर हातखंडा. हातखंडा कसला, काम पायाचं, पण पायासाठी तसा शब्द नाही. मागच्या सीटवर झोपलेल्याला गिअर कधी बदलला ते कळत नसे.

त्यांची थोरली बहीण नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. उभा जन्म बसच्या वेळा सांभाळण्यात गेलेला. आता वाटेल तेव्हा उठायचं आणि निघायचं, याचं तिला एवढं अप्रूप की कोपऱ्यावरून ब्रेड आणायलाही ती गाडी काढी आणि उगाच दोन चकरा जास्त मारून येई.

मग आवाज सुरू झाला. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की पुढून खट्ट! ताई भावाकडे गेली. मास्तरांनी गाडी फिरवून आणली. आवाज नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते वैतागले.

"ताई, गाडी ठणठणीत आहे. पाय तुझा धसमुसळा आहे."

"मग मी चालवते, तू शेजारी बस आणि ऐक."

"हो, म्हणजे आता तू मला शिकवणार!"

विषय संपला. म्हणजे मास्तरांपुरता. घरात बहिणीच्या क्लचची नक्कल करून त्यांनी चारचौघांना हसवलं. ताईच्या मुलाला काही हसू आलं नाही. "मामाच म्हणतो तुझा पाय नीट पडत नाही. उद्या कुणाला उडवलंस म्हणजे?" असं महिनोन्महिने म्हणत शेवटी त्यानं गाडीला गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. मुलाचं बोलणं ताईनं धुडकावलं असतं. भावाचं कसं धुडकावणार? गाडीतलं त्याला कळतं. रविवारी किल्ली द्यायची ठरली.

शुक्रवारी सकाळी ती गाडी धुवून घ्यायला गॅरेजात आली, तर मास्तर स्टुलावर बसलेले, डाव्या पायाला हे एवढं बँडेज. आदल्या दिवशी ब्रेकचा ड्रम पायावर पडला होता. पट्टी बदलायला दवाखान्यात जायचं होतं आणि क्लच दाबायची सोय नव्हती.

"बस, सोडते," ताई म्हणाली. इलाज नव्हता. बसले.

पहिला गिअर. दुसरा. खट्ट! धक्का थेट पायाखालून आला.

"अगं क्लच हळू..." म्हणता म्हणता मास्तर थांबले. त्यांची नजर तिच्या पायावर होती. पाय नीट उठत होता. चार माणसांचा उठतो तसाच.

"पुन्हा टाक," ते म्हणाले. तिनं टाकला. पुन्हा खट्ट. पाच वेळा झालं, पाच वेळा आवाज आला. मास्तर म्हणाले, "गाडी मागे घे. दवाखाना राहू दे."

गॅरेजात त्यांनी बॉनेट उघडलं. तिला हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितलं आणि स्वतः लंगडत बाजूला उभे राहिले. इंजिन जागचं वीतभर उसळलं. खालचं माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारं रबर, पार फाटलं होतं. मास्तरांचा हळुवार पाय इंजिनाला झटकाच बसू देत नसे, मग ते हलणार कशाला? तीन वेळा त्यांनी तपासला तो स्वतःचा पाय. गाडी तपासलीच नव्हती.

इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, जुनं रबर काढलं, नवं बसवलं. एका पायावर उभं राहून, तोंडानं शिव्या चालू ठेवून तासाभरात काम उरकलं. ताईनं चौकापर्यंत चक्कर मारली. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

ती उतरली. आता ही फैलावर घेणार, असं धरून मास्तर पाना पुसत बसले. ती रागावली नाही.

"चार महिने मी रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून सराव करत होते रे," ती म्हणाली. "पायाखाली उशी घ्यायची. दाबायची, हळू सोडायची. शंभर वेळा. मांडी भरून यायची. म्हटलं, तुझ्यासारखं नाही, पण निदान आवाज तरी थांबेल. थांबेना. मग वाटलं, झालं, आपलं वय झालं."

मास्तरांना फार वाईट वाटलं. पाना खाली ठेवून त्यांनी फोन काढला आणि भाच्याला लावला.

"मामा बोलतोय. गाडी विकायची नाही."

"अरे, पण तूच तर म्हणालास..."

"मीच म्हणालो. तिचे पाय धडधाकट आहेत. मी चुकलो."

"काय म्हणालास?" भाच्यानं विचारलं. गॅरेजात दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मास्तरांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं.