सूर्य तारा आहे, हे मी आधी सांगितलं होतं

गोंदियाच्या दवाखान्यातून दिराचा फोन आला, तेव्हा मी अंगणात पेरणीचं धान पाखडत होते. "वहिनी, सुषमा गेली," एवढंच तो बोलला. सुषमा माझी धाकटी जाऊ. काविळीनं पडली आणि बघता बघता हाताबाहेर गेली. मी सूप खाली ठेवलं. रडू आलं, पण त्याच्याही आधी माझी मुलगी पल्लवी डोळ्यांपुढं आली. वाटलं, आता ती माझ्याकडं येईल... असं वाटू नये, पण वाटलं.

सुषमा बारावी शिकून तिरोड्याकडून आमच्या घरात आली. मी चौथी. रोवण्याच्या दिवसांत आम्ही बाया चिखलात ओणव्या होऊन ओळीनं मागं मागं सरकत रोपं लावतो. दुसरीकडं या कामात गाणी चालतात, आमच्या धानाच्या बांधीत सुषमा चालायची. तिच्या शेजारी उभं राहायला बाया भांडत. ती सांगे, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. शेवंता मावशी लगेच विचारी, "मंग तिथं दिवसाची मजुरी कशी देत असतीन वं?" सुषमा म्हणे, "तिथं रोवणाच नाही, मावशी. इतकं तपते का शिसं वितळते." सगळी ओळ हसे. मी तिच्या शेजारीच असे. माझी ओळ सरळ, माझा हात तिच्यापेक्षा चालता. तिकडं कोणी मान वळवली नाही.

मलाही एक गोष्ट माहीत होती. शाळेत गुरुजींनी सांगितली होती आणि मी ती विसरले नव्हते. एका वर्षी सुषमा पाणी प्यायला बांधावर गेली, तेव्हा धीर करून मी म्हटलं, "सूर्य पण एक ताराच आहे." मला चार बायांत बोलायची सवय नाही, आवाज चिरकला. शेवंता मावशी म्हणाली, "दिवसा कुठली चांदणी वं? ऊन लागलं का तुले?" तेवढ्यात सुषमा आली. म्हणाली, "जाऊबाई बरोबर सांगून राहिल्या. सूर्य ताराच आहे, जवळ आहे म्हणून मोठा दिसते." लगेच सगळ्यांना पटलं. संध्याकाळी घरी परतताना मावशी पुढच्या बाईला सांगत होती, सूर्य तारा आहे म्हणते सुषमा. सुषमानं माझी बाजूच घेतली होती, तिच्यावर राग धरायला जागाच नव्हती. तरी मी धरला.

पण बायांचं मी सोसलं असतं. पल्लवीचं सोसवेना. शाळेतून आली की दप्तर माझ्या खोलीत आणि ती काकूच्या चुलीपाशी. जेवताना सांगे, "आई, ऑक्टोपसले तीन काळजं राहतात, काकू म्हणते." माझं एकच होतं, आणि तेच जळत होतं. तिची वेणी मी घालायची, ताप आला तर उशाशी मी बसायची, आणि झोपेत बडबडली तर नाव काकूचं.

सुषमा गेल्यावर पल्लवी माझ्याकडं आली नाही. गप्प झाली. यंदाचा रोवणा झाला, बाया मुकाट्यानं वाकल्या आणि मुकाट्यानं घरी गेल्या. दिवेलागणीला पल्लवी अंगणात एकटी बसे, मी हाक मारली तर "काही नाही" म्हणे. मेलेल्या बाईनंही माझी मुलगी धरून ठेवली होती.

परवा पाऊस उघडला होता. जांभळीच्या मागून चांद वर आला होता. मी जाऊन तिच्याजवळ बसले. सांगायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून विचारलं, "चांदावर काय आहे वं?" आजवर तिला मी असं काही विचारलं नव्हतं.

ती चांदाकडं वळली. मग म्हणाली, "तिथं वारा नाही, आई. माणसांची पावलं उमटली, ते अजून तशीच आहेत. आणि चांद दरसाल जरासा दूर जाते. आपली नखं वाढतात ना, तेवढाच."

सांगताना तिनं माझं मनगट धरलं होतं. सुषमा असंच धरायची, सांगून होईपर्यंत समोरच्याला सोडायची नाही... ती पकड मी ओळखली आणि पुन्हा तोच जुना राग आला. हात मात्र मी काढून घेतला नाही. म्हटलं, "अजून सांग."