बोअरच्या पाण्याची ओळ

"काय बी लिवायला शिकवायलीय पोरास्नी. इंग्लिश शाळेत गेली तरी धनगराचीच की!"

मी वह्या घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी होते. आत मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, माझ्याबद्दल बोलत होते, बाकीचे हसत होते. मी आत गेले. हसणं थांबलं. ऐकलंच नाही असं दाखवून मी वह्या टेबलावर मांडल्या. मला तेवढंच जमतं.

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका मराठी शाळेत मी आठवीला शिकवते. त्या आठवड्यात माहितीपर निबंध होता. काय होतं, कसं होतं, कशामुळं होतं, ते क्रमानं लिहा, असं मी सांगितलं. ठाऊक आहे तेवढंच लिहा.

वर्गातल्या रेणुकानं लिहिलं, 'खतासाठी रानात मेंढरं कशी बसवतात.' जाळी कुठं ठोकायची, लेंड्या सगळीकडं सारख्या पडाव्यात म्हणून ती रोज कशी सरकवायची, कोकरं कुठं ठेवायची. सगळं बरोबर. मला माहीत होतं, आमचीही मेंढरं होती. शाळेत मात्र मी वडील 'बिझनेस' करतात असं लिहायचे.

रेणुकानं काही लपवलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं: 'मालकाला आमच्या मेंढरांचं खत चालतं. त्यांच्या बोअरवर आमची घागर चालत नाही. म्हणून आई ओढ्याचं पाणी आणते.'

रान मोठ्या सरांचं होतं.

त्यांनी आधीच मागवून घेतलेली रेणुकाची वही माझ्यापुढं टाकली. "उद्या तपासणीला साहेब यायलेत. निबंध चांगलाय, हाच वाचू द्या. पण ही तक्रार खोडा."

मी लाल पेन काढला. खोडलं. शेवटच्या ओळींवर सरळ रेघा ओढल्या.

रेणुकानं वही बघितली. "टीचर, हे खोटं हाय का?"

"न्हाई."

"मंग खोडलं कामून?"

मी फळा पुसायला वळले. पुसलेलाच फळा.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती साहेबांपुढं वाचायला उभी राहिली. लाल रेघांपाशी आली आणि थांबली. पुढं वाचेना. वहीतच बघत राहिली. पोरं खुसखुसायला लागली.

मोठे सर साहेबांकडं बघून हसले. "तिथं पोरगी चुकली होती. टीचरनी दुरुस्त केलंय."

सगळे माझ्याकडं बघायले. साहेबसुद्धा. रेणुका तेवढी माझ्याकडं बघत नव्हती.

मी म्हणाले, "ती चुकली न्हाई, सर. खरं होतं ते मी भिऊन खोडलं. इथून पुढं कुणाचंच खोडणार न्हाई. तुमच्या रानाचं असलं तरी."